कडी नसलेली खोली

कल्याणात पारनाक्याच्या आमच्या आळीत चोपन्न साली बातमी अशी होती, की सगुणामावशी ठाण्याला जाऊन हॉटेलात बसते.

बातमी गोदाकाकूंची. बातमी सांगताना गोदाकाकू आधी पदर तोंडावर घ्यायच्या, मग "मला काय करायचंय म्हणा" असं म्हणायच्या आणि मग जे काय करायचंय ते करायच्या. "मला काय करायचंय म्हणा, पण आमच्या सुधीरनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंन्. स्टेशनाजवळच्या हॉटेलात शिरली. बरं, एकात शिरली तर शिरली. त्यातनं निघाली ती दुसऱ्यात! नवरा नाही, मूल नाही, विचारणारं कोण आहे! आणि ह्याच हातांनी आमच्या पोळ्या लाटते हो!"

"अहो, भजी खायला गेली असेल," काका आतून म्हणाले.

"भजी खायला जिना चढावा लागतो का?"

काकांनी पुन्हा पेपर उघडला. हॉटेल म्हणजे भजी, मिसळ आणि दोघांत एक चहा, एवढंच आम्हाला ठाऊक. त्याच्या वरच्या मजल्यावर काय असतं, ह्याचा ज्यानं त्यानं आपापल्या स्वभावाप्रमाणे विचार केला.

आता खरं ते सांगते. सगुणामावशी ठाण्याला जात होती. एकातून निघून दुसऱ्यात शिरत होती. जिनेही चढत होती. पण ती होती राहायची लॉजं, आणि तिथं पाण्याचा घोटही न घेता ती खोल्यांची दारं बघत होती. तीही बाहेरच्या बाजूनं.

ती हे कुणाला सांगत नव्हती, त्याचंही कारण होतं. "चरईत मावसबहीण असते," एवढंच म्हणायची; चरई ठाण्यातलीच, पण ठाण्याचं नाव घ्यायला नको. कारण आमच्याकडे कुणी "मी ठाण्याला चाललो" म्हटलं, की समोरचा लगेच डोळा बारीक करून विचारतो, "कधी सोडणार म्हणाले?" ठाण्याला वेड्यांचं मोठं इस्पितळ आहे, त्यामुळं कोर्टाच्या कामाला गेलेल्या वकिलालाही हा विनोद ऐकून घ्यावा लागतो. वकील हसतो आणि जातो. सगुणामावशीला हसता आलं नसतं. तिची धाकटी बहीण मालन त्या इस्पितळात होती.

दोघी चिपळूणकडच्या. सगुणा लग्न होऊन कल्याणात आली. नवरा रेल्वेच्या यार्डात होता, तो तापानं गेला, आणि सगुणा चार घरच्या पोळ्या लाटून एका खोलीत राहू लागली. मालनला टिटवाळ्याच्या पलीकडच्या एका खेड्यात दिली. पहिलं मूल गेलं, दुसरं उपजलंच नाही, आणि त्यानंतर मालन भिंतीशी बोलायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं. एकदा ती पहाटे विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलेली सापडली. तेव्हापासून सासरच्यांनी तिला भाताच्या कोठीत ठेवली आणि दाराला बाहेरून कडी घातली.

सगुणा भेटायला गेली, तर सासू म्हणाली, "भेटा की. कोण नको म्हणतंय? कडी काढा नि भेटा."

सगुणानं कडी काढली. दाराच्या आतल्या बाजूला, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर, लाकूड पांढरं पडलं होतं. खरवडून. मालनच्या बोटांकडे सगुणानं त्या दिवशी एकदाच बघितलं. त्यानंतर कडीचा आवाज झाला, मग तो शेजारच्या खोलीचा का असेना, की तिच्या हातातलं लाटणं थांबायचं. पोळी करपायची. गोदाकाकू म्हणायच्या, "लक्ष कुठंय हिचं?"

मालनला ठाण्याला आणली सगुणानंच. तिथं मालन हळूहळू शांत झाली. भिंतीशी बोलणं थांबलं. तांदूळ निवडायला लागली, वाती वळायला लागली. वर्षं गेली. आणि एका भेटीला डॉक्टरांनी सगुणाला बसवून घेतलं. डॉक्टर पुण्याकडचे, प्रत्येक शब्द इस्त्री करून बोलणारे.

"हे पहा बाई, तुमच्या बहिणीला घरी नेण्याचा विचार करायला हरकत नाही. पण एकदम नको. आधी एक रात्र बाहेर ठेवून पाहा. इथंच, हाकेच्या अंतरावर. काही झालंच तर लगेच परत आणता येईल. रात्र नीट गेली, झोप लागली, तर आपण पुढचं बोलू."

"झोपली तर घरी?"

"झोपली तर घरी."

सगुणामावशीचं सगळं आयुष्य त्या तीन शब्दांत येऊन बसलं. तिच्या खोलीतला पाटा उचलून तिनं त्याच संध्याकाळी कोपऱ्यात सरकवला. मालनच्या अंथरुणाला जागा हवी म्हणून.

आता प्रश्न होता खोलीचा. एका रात्रीची खोली. त्या खोलीत मालन झोपली पाहिजे. आणि सगुणानं मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं, की ज्या दाराला बाहेरून कडी आहे, त्या दाराआड मालनला ती निजवणार नाही. कुणी घालो न घालो. कडी दिसताही कामा नये.

हे ठरवणं सोपं होतं. तुम्ही कुठल्याही लॉजमध्ये जा. खोलीला बाहेरून कडी नाही, असं कसं होईल? पाहुणा बाहेर गेला, तर कुलूप कशाला लावेल?

स्टेशनासमोरचा उडुपी मॅनेजर भला माणूस होता. त्यानं खोली उघडून हातानं सगळं दाखवलं. "अम्मा, हा कॉट. हा फ्यान. हा खिडकी, हवा फस्क्लास. गादी नवीन केला दिवाळीला." सगुणानं गादीचा कोपरा उचलला, शिवणीवरून बोट फिरवलं, ढेकूण नाही हे बघितलं. उशी नाकाशी धरली. इथवर मॅनेजर खूश होता. मग ती बाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या कडीला हात लावून उभी राहिली. आत राहिला मॅनेजर. "अम्मा! अम्मा, काय करते तुमी? मी आत हाय की हो!"

जांभळी नाक्याजवळच्या धर्मशाळेचा मुनीम भित्रा होता. त्याला वाटलं बाई चोरांसाठी टेहळणी करते. "बेन, तुमे खोली बघो ने! कडी शुं बघते? कडी बराबर छे, मजबूत छे, आजूबाजू कोई चोर नथी!" मजबूत म्हटल्यावर ती निघालीच. तो मागून जिन्यापर्यंत आला आणि ती खरोखर गेली ह्याची खात्री करून परत गेला.

सिंधी मालकाचं लॉज फाळणीनंतर उभं राहिलेलं, अजून चुन्याचा वास येणारं. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग पेन कानाला लावत म्हणाला, "माई, बिना कुंडी का दरवाज़ा तो रब के घर में होता है. वहाँ का किराया भी माफ है. पर अभी जल्दी क्या है आपको?"

नौपाड्यातल्या एका लॉजवर तर धोतर नेसलेले गृहस्थ बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आपण नेमकं काय पाहता आहात? खोली पाहता आहात, की दार पाहता आहात? नाही, म्हणजे दार हवं असेल तर सुताराकडे जावं. आमच्याकडे खोलीसकट मिळतं."

हे सगळे आवाज मावशीनं पुढं मला जसे सांगितले तसे मी करते. सांगताना ती स्वतः कुणाचा आवाज काढत नसे. नुसते शब्द सांगायची, सपाट. पण शब्द इतके नेमके असायचे, की माणूस आपोआप उभा राहायचा.

शेवटी तलावाच्या मागच्या अंगाला तिला एक लॉज सापडलं. नाव ‘विसावा’. पाटी रंगानं गेलेली, जिन्याचा कठडा हलणारा. मालकाला सगळे भाऊ म्हणत. भाऊ दम्याचे, एक वाक्य बोलले की थांबायचे, श्वास घ्यायचे, आणि मग उरलेलं बोलायचे.

"खोली आहे एक. शेवटची. निम्म्या दरानं... देतो."

"निम्म्यानं का?"

आजवर तिनं हे विचारल्यावर तिला कुणी खरं उत्तर दिलं नव्हतं. स्वस्त खोलीचं कारण गादीखाली किंवा भिंतीच्या कॅलेंडरामागे शोधावं लागायचं. भाऊंनी ते बसल्या जागी सांगून टाकलं. "मागं टांग्यांचा तबेला आहे... वास येतो. कौल गळतं, पण आता पावसाळा नाही. आणि दाराला... बाहेरून कडी नाही."

सगुणानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"होती. एकानं पिऊन लाथ घातली... कोयंड्यासकट उपटून आली. सुतार म्हणतो, चौकटीला वाळवी आहे, स्क्रू धरत नाही... चौकट बदला. आता चौकट काढायची म्हणजे भिंत येते हातात. म्हणून निम्म्यानं. पण कुलूप लागत नाही, म्हणून कुणी घेत नाही. तुमचं सामान गेलं... तर माझ्या नावानं बोंब मारायची नाही."

"मला दाखवा."

खोली लहान होती. सगुणानं गादी बघितली, उशी बघितली. भिंतीवर आरसा होता, काच मालनच्या हाती लागू नये म्हणून तो उतरवायला सांगितला. मग दाराच्या बाहेर गेली. चौकटीवर जिथं कोयंडा होता तिथं चार भोकं होती आणि भोवती लाकडाचा भुगा. तिनं त्या भोकांवरून हात फिरवला, कुणी बाळाच्या टाळूवरून फिरवावा तसा. मग आत येऊन खाटेच्या कडेवर डोळे मिटून बसली.

"काय झालं बाई?"

"ऐकते हाय."

मागं घोडे खूर आपटत होते. कुणीतरी बादली घासत होतं. इस्पितळातल्यासारखी घंटा नव्हती. जवळ शाळा नव्हती, देऊळ नव्हतं, गिरणीचा भोंगा नव्हता. ती खूप वेळ तशी बसली. भाऊ दारातच टेकून उभे होते.

"कोण येणार आहे?"

"बहीण."

"कुठनं?"

"हितनंच."

ठाण्यात लॉज चालवणाऱ्या माणसाला ह्याहून जास्त सांगावं लागत नाही. भाऊंनी श्वास घेतला. "चादर धुतलेली... देतो," म्हणाले.

येताना सगुणामावशी इतकी खुशीत होती, की गोदाकाकूंच्या पोळ्या त्या दिवशी फुग्यासारख्या फुगल्या. "काय गं, आज चरईच्या बहिणीनं लाडू दिले वाटतं?" काकू म्हणाल्या. "लाडूच दिले," मावशी म्हणाली.

ठरल्या दिवशी ती दुपारी इस्पितळात गेली. स्वतःचं बऱ्यातलं बरं लुगडं बोचक्यात घेऊन गेली होती. मालनचे केस बारीक कापलेले, मान बारीक झालेली. लुगड्यात ती आपल्याच आजीसारखी दिसायला लागली. रस्त्यानं चालताना ती सगुणाच्या मागून चालायची. सगुणा थांबली की थांबायची. शेजारी ये म्हटलं की शेजारी यायची, आणि चार पावलांनी परत मागं.

लॉजच्या जिन्याशी मालन थबकली. तबेल्याच्या बाजूनं एक तांबडा घोडा कुडावरून मान काढून बघत होता. मालन त्याच्याकडे बघत राहिली. सगुणानं शिदोरीतली तांदळाची भाकरी काढून एक तुकडा तिच्या हातावर ठेवला. मालननं हात पुढं केला. घोड्यानं ओठांनी तुकडा उचलला आणि तिच्या तळव्यावर फुस्स केलं. मालन हसली. दात दाखवून, खांदे हलवून हसली.

"गुदगुल्या व्हतात गो आक्का!"

सगुणाला वाटलं, झालं. आता रात्र फक्त नावाला.

खोलीत आल्यावर मालन उभी राहिली. "बस," म्हटल्यावर बसली. ताट वाढलं तर हात मांडीवर ठेवून बसली. "जेव," म्हटल्यावर जेवली, भराभर, कुणी ताट उचलून नेईल अशी. सगुणानं सुकट करून आणली होती, आईच्या हातची आठवण म्हणून.

"आवडली?"

"व्हय."

"घरी आलीस की रोज करीन. माज्या खोलीत जागा केली हाय तुला. पाटा हलवला. खिडकीजवळ निजशील."

"व्हय," मालन म्हणाली.

दिवेलागण झाली. भाऊंनी कंदील वर पाठवला. सगुणानं दार आतून लोटलं, खिटी लावली, अंथरूण झटकलं. मालन अंथरुणावर आली नाही. ती दाराशी उभी होती, दाराकडे तोंड करून, हात अंगाशी धरून.

"ये की. नीज आता."

"आक्का, भायेर कोण हाय?"

"कोण नाय गो. भाऊ खाली हायत. भायेर कोण कशाला?"

"मग कडी कोण घालनार?"

सगुणाला हे विचारलं जाईल असं वाटलंच होतं. पण तिला ते वेगळ्या तऱ्हेनं वाटलं होतं. तिला वाटलं, मालन भिते आहे. तिनं खिटी काढली, कंदील उचलला, मालनचा हात धरून तिला दाराबाहेर नेलं. इतके दिवस जपून ठेवलेली वस्तू दाखवावी तसं तिनं दाखवलं.

"ह्या दाराला कडीच नाय. बघ! हात लावून बघ. हितं तुला कोण कोंडनार नाय. म्या सगळं ठाणं फिरून ही खोली काढली."

मालननं हात लावला. चार भोकांतून तिची बोटं फिरली. भुगा बोटांना लागला. तिनं तो कंदिलाच्या उजेडात बघितला आणि तिचं तोंड एकदम उतरलं. लुगड्याला हात पुसत ती मागं सरली.

"म्या नाय मोडली."

"तू कशाला मोडशील? आधीच मोडलेली हाय."

"म्या नाय मोडली गो आक्का. मला वरडतील. तू सांग त्यांना, म्या नाय मोडली."

"कोण नाय वरडत. ये, आत ये. नीज."

मालन आत आली. पण आडवी झाली नाही. सगुणानं अंगावर हात ठेवला, लहानपणी म्हणायच्या त्या ओव्या म्हटल्या, पाय चेपले. मालन ऐकत होती, हूं हूं करत होती, आणि नजर दारावर. मग अगदी समजूतदारपणे, जणू सगुणालाच एखादी साधी गोष्ट कळत नाही आहे, अशा आवाजात म्हणाली,

"आक्का, तू कडी घाल गो. मग मी निजते. कडी घातल्याबिगर कसं निजायचं?"

सगुणा खाटेजवळ तशीच बसून राहिली. कोठीतलं ते पांढरं पडलेलं लाकूड तिच्या डोळ्यांसमोर होतं. ज्या कडीसाठी मालननं बोटं सोलून घेतली, तीच मालन आता मागत होती. कधी बदललं हे? कुठल्या वर्षी? दर महिन्याला ती भेटायला येत होती, लाडू देत होती, केसांतून हात फिरवत होती, आणि ह्यातलं काहीच तिला कळलं नव्हतं.

"घाल ना गो," मालन म्हणाली.

सगुणा उठली. बाहेर गेली. दार ओढून घेतलं. आणि अंधारात, त्या चार भोकांसमोर उभी राहून तिनं तोंडानं कडी घातली. जन्मात कुणाचा आवाज न काढलेली बाई. तिनं दातांवर जीभ घासून, टाळूला आपटून कडीचा आवाज काढला.

आत अंथरूण सरकलं. मग गादी दबली. मग थोड्या वेळानं मालनचा श्वास लांबला.

सगुणा आत जाऊ शकत नव्हती. दार उघडलं तर कडी उघडली. ती दाराला पाठ लावून बाहेरच बसली. भाऊ दम्यामुळं जागेच असायचे. ते अर्ध्या जिन्यावर आले, तिला तिथं बसलेली बघितली आणि एक घोंगडी कठड्यावर टाकून खाली गेले.

सकाळी मालन टवटवीत होती. घोड्याला भाकरी दिली. इस्पितळाच्या वाटेवर पहिल्यांदाच ती सगुणाच्या पुढं चालत होती. फाटकातून आत जाताच तिनं लुगडं सोडून तिथलं पातळ नेसलं आणि लुगड्याची नीट चौघडी करून सगुणाच्या हातात दिली. "मळलं नाय गो. बघ." मग जेवणाच्या घंटेला ती रांगेत जाऊन उभी राहिली, आपल्या जागेवर, पुढच्या बाईच्या खांद्यामागे. मागं वळून बघायचं तिला सुचलंही नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "कशी गेली रात्र?"

"बरी गेली."

"झोप?"

इथं सगुणामावशी थांबली. एवढंच म्हणायचं होतं, झोपली. झोपली होतीच. खोटं काही नव्हतं. पाटा सरकवलेला होता, खिडकीजवळ जागा झाडून ठेवलेली होती, आणि एका शब्दावर मालन घरी येणार होती.

"झोपली," ती म्हणाली. डॉक्टर लिहायला वाकले, तेवढ्यात पुढं म्हणाली, "पण बाहेरनं कडी घातली तवा. कडी नव्हती, तर तोंडानं घातली. त्याबिगर निजंना."

डॉक्टरांनी मान वर केली.

"घरी न्याल तर तुमच्या खोलीला कडी असेलच की बाहेरून," ते म्हणाले. त्यांना हे सोपं वाटलं असावं. "काही दिवस तसं करायचं. सवय जाईल हळूहळू."

"माज्या खोलीला हाय. चांगली मजबूत हाय. पण डॉक्टर, तिला म्या स्वतःच्या हातानं कोंडायची? रोज? मग तिच्या सासूत नि माज्यात काय फरक?"

"पण ती स्वतःच..."

"ती मागते. व्हय. म्हणूनच तर." तिला पुढं नीट सांगता आलं नाही. लुगड्याची चौघडी तिनं पोटाशी धरली होती. "हितं राहू दे तिला. हितं ती हसते. हितं कडी कोण घालतं ते मला बघावं लागत नाय."

त्या दिवशी परत आल्यावर तिनं पाटा मूळ जागी ओढला. आळीत बातमी बदलली. गोदाकाकू म्हणाल्या, "मला काय करायचंय म्हणा, पण हॉटेलं बंद झाली हो हिची. चांगलं झालं. हॉटेलवाल्यानंच हाकलली असणार." दर महिन्याला सगुणामावशी चरईच्या मावसबहिणीकडे जातच राहिली. डबा घेऊन जायची, रिकामा आणायची. फक्त आता लवकर परत यायची, कारण बघायच्या खोल्या उरल्या नव्हत्या.

हे सगळं तिनं मला एकदम नाही सांगितलं. दुपारी पोळ्या उरकून ती आमच्या ओट्यावर टेकायची, तेव्हा तुकड्या तुकड्यानं. मला आळीत सगळ्यांचे आवाज काढायचा नाद. गोदाकाकू, काका, शाळेतले मास्तर, रॉकेलवाला, कुणीच सुटायचं नाही. तिनं लॉजवाल्यांचं सांगितलं, तेव्हा मी तिथल्या तिथं उडुपी उभा केला, मुनीम पळवला, सिंधी मालकाचं पेन कानाला लावलं. "वहाँ का किराया भी माफ है" ह्यावर मावशी तोंडात पदर कोंबून हसली. हसता हसता डोळे पुसले. मी आणखी चढले.

"मावशी, मी एकदा ऐकलं ना, की कुठलाही आवाज काढते. माणसाचा, जनावराचा, वस्तूचा."

"कुठला पन?"

"कुठलाही. पैज! हरले तर महिनाभर तुझं दळण गिरणीवरून मी आणीन. गुडघे दुखतात ना तुझे?"

मावशीनं समोरच्या दाराकडे बघितलं.

"कडी घाल," म्हणाली. "तोंडानं. जशी त्या दिशी म्या घातली."

हे तर काहीच नव्हतं. कडीचा आवाज आम्ही जन्मापासून ऐकत आलो. घराघरातून दिवसभर तोच चाललेला असतो. मी ओठ ओले केले. जीभ टाळूला लावली. एक खणखणीत खट् आणि त्यामागे लोखंडाची लांब कर्र. आतून आई ओरडली, "कोण आलं गं?"

मी मावशीकडे बघितलं. एवढी हुबेहूब साधली म्हणून माझी मान ताठ.

मावशी डोळे मिटून ऐकत होती, आवाज संपल्यावरही. मग तिनं मान हलवली.

"आदी खट् नि मग कर्र? ही तर उघडली गो तू," ती म्हणाली. "घालताना आदी सरकते, मग पडते. हिच्यावर मालन निजली नसती."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या तांदळाचा डबा काखोटीला मारून मी गिरणीवर गेले.